चराचे तोंड आधी बघा

उन्हाळा लागला की कृष्णाकाठच्या गावांतून क्षारपड जमिनीची चर्चा सुरू होते. ऊस तुटून गेलेला असतो, रान मोकळे असते आणि पांढरे फुटलेले पट्टे लांबूनसुद्धा दिसतात. मग शेतकरी बंधू आमच्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, एकराला पाइप किती लागंल?" गेली दहा-बारा वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे. त्याचे उत्तर देणे अवघड नाही. पण प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत पदविकेच्या वर्गात बनलेले नाही, नोकरीतही नाही. ते घरातून आलेले आहे.

आमचे घर चर खोदणाऱ्यांचे. आजोबांना सगळा गाव आबा म्हणायचा. १९७२ च्या दुष्काळात ते दुष्काळी कामावर मुकादम होते. मातीचे माप कसे घ्यायचे, शंभर घनफुटांचा एक ब्रास कसा धरायचा, हे तिथे शिकले. दुष्काळ सरला तशी त्या कामावरची सात-आठ वडार कुटुंबे सोबत घेऊन त्यांनी शेतातल्या निचऱ्याच्या चरांची कामे धरायला सुरुवात केली. वडील पाणसळ धरायचे, म्हणजे पाणी भरलेली रबरी नळी आणि तिच्या दोन टोकांना दोन पट्ट्या. थोरले चुलते गिऱ्हाईक आणि हिशेब बघायचे. आजीला लिहिता येत नव्हते, पण कुणी किती उचल घेतली आणि कुणाची किती फिटली, हे तिच्या तोंडी असायचे. शनिवारी संध्याकाळी वहीत आणि आजीत फरक पडला तर आबा वही दुरुस्त करायचे.

या धंद्याला गिऱ्हाईक का मिळाले, हे सांगायला हवे. कोयना धरण झाल्यावर कऱ्हाडच्या खाली कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. नदीवर उपसा संस्था उभ्या राहिल्या, साखर कारखाने आले, जिरायत रान बागायत झाले. शाळू-हरभऱ्याच्या जागी बारमाही ऊस आला. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवणारी, खाली चिकट. वरून येणारे पाणी रोजचे आणि खालून जाणारे जवळजवळ शून्य. दहा-पंधरा वर्षांत खालच्या रानातली पाण्याची पातळी मुळांपर्यंत आली. पाणी उन्हाने उडाले आणि मीठ तिथेच राहिले. रोग एवढाच आहे.

आणि तो नवाही नाही. नीरेच्या डाव्या कालव्याखाली बारामतीकडच्या लोकांनी हेच शंभर वर्षांपूर्वी सोसले. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे, ते दख्खनच्या कालव्यांवरच्या उसासाठीच. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ साली मुंबई इलाख्याने एक लहान कक्ष म्हणून सुरू केली, ती मुळात पाटाचे पाणी शेतीच्या गरजेला कसे जुळवायचे हे बघायला. इंग्रजाच्या काळापासून माहीत असलेला रोग आम्ही १९७० नंतर नव्याने ओढवून घेतला. पाणी आणण्यासाठी संस्था काढली, सभासद केले, कर्ज उचलले. पाणी घालवण्यासाठी संस्था काढलेली गावे मात्र शोधावी लागतील.

असो. धंद्याकडे येतो.

सुरुवातीची कामे उघड्या चरांची होती. नंतर शेतकऱ्यांना जमीन वाया जाते असे वाटू लागले म्हणून दगडी चर आले. चार फूट खोदायचे, तळाला मोठा दगड, वर बारीक, त्यावर उसाचे पाचट नाहीतर तुरीच्या काड्या आणि मग माती. मधल्या काळात भाजक्या मातीचे नळ वापरले. ते टोकाला टोक लावून मांडायचे आणि सांध्याला काथ्या गुंडाळायचा, म्हणजे पाणी आत येते आणि गाळ बाहेर राहतो. मी शाळेत होतो तेव्हा सुट्टीत माझे काम हे काथ्या गुंडाळण्याचे. बोटे सोलून निघायची. पुढे छिद्रांचे, वळ्या असलेले पीव्हीसी पाइप आले, त्यावर कापडासारखी गाळणी आधीच चढवलेली. काम दहापट सोपे झाले.

पण आबांच्या वहीची पद्धत शेवटपर्यंत बदलली नाही. प्रत्येक कामाला एक पान. पानाच्या डोक्यावर शेतकऱ्याचे नाव नाही, गट नंबर नाही. पहिली ओळ असायची "तोंड". तोंड म्हणजे चराचे पाणी शेवटी जिथे पडणार ती जागा. 'तोंड: म्हसोबाच्या ओढ्यात, ओढा सात फूट खोल, वाहता.' ही ओळ भरल्याशिवाय ते विसार घेत नसत. गिऱ्हाईक घरी आले की चहा द्यायचे आणि रान बघायला जायचे, पण रानात शिरायचे नाहीत. आधी ओढ्याला जायचे. तिथून उलटे चालत वर यायचे. मी एकदा विचारले होते, "आबा, रान तर तिकडं हाय." ते म्हणाले, "रान कुठं पळून जातंय? पानी कुठं जातंय ते आधी बघू दे की लगा."

यात काही गूढ नाही, साधे गणित आहे. समजा वरच्या टोकाला पाइप चार फूट खोल टाकला. पाणी चालायचे तर शंभर फुटाला अडीच इंच तरी उतार हवा. रानाची लांबी हजार फूट असेल तर खालच्या टोकाला पाइप आणखी दोन फूट खोल जातो, म्हणजे सपाट रानात तो सहा फुटांवर आला. आता त्या टोकाला जो ओढा किंवा मुख्य चर आहे, त्याचा तळ सहा फुटांपेक्षा खाली पाहिजे. आजघडीला आपल्याकडचे किती ओढे तेवढे खोल आहेत? २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी गाळ आणून टाकला. त्यात वेडी बाभूळ माजली. काही ठिकाणी ओढा नांगरून उसात घेतलेला आहे, आणि नांगरणाऱ्याला विचारले तर म्हणतो, "इथं कधी वडा नव्हताच." तोंड तीन फुटांवर असताना सहा फुटांवरचा पाइप पाणी बाहेर टाकत नाही. ओढा फुगला की उलटे पाणी रानात आणतो. शेतकऱ्याने पैसे देऊन आपल्या रानात पाणी यायला वाट करून दिली, असा त्याचा अर्थ होतो.

आता आमच्या घरातली जी गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, ती सांगतो. धंदा ऐन भरात होता तेव्हा शेजारच्या गावातले अडीच एकराचे एक काम आले. शेतकरी गरजू. मुलीचे लग्न ठरलेले, रान तीन वर्षे पडीक, कारखान्याचे शेअर असून घालायला ऊस नाही. तोंड काढायचे तर खालच्या शेजाऱ्याच्या रानातून दोनशे फूट पाइप न्यावा लागणार होता. शेजारी म्हातारा गृहस्थ, भला माणूस. "न्या की, माझं काय जातंय?" म्हणाला. आबा म्हणाले, कागद करा. थोरले चुलते म्हणाले, शब्द दिलाय माणसाने, कागद मागितला तर अपमान होईल. त्या दिवशी आबांचे चालले नाही. वहीत 'तोंड' या ओळीपुढे त्यांनी फक्त 'तोंडी' असे लिहिले. चेष्टा नव्हती, तशीच नोंद आहे. वही आज माझ्याकडे आहे.

काम चांगले झाले. पहिल्या पावसाळ्यात पाणी असे सुटले की लोक बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी शेतकऱ्याने आडसाली लावण केली आणि ती उगवलीसुद्धा. तिसऱ्या वर्षी तो म्हातारा वारला, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ज्या मुलाच्या वाट्याला तो तुकडा आला त्याने विहिरीसाठी खोदताना पाइप तोडला. तोडला तो जोडला नाही. वर मातीचा बांध घातला. "माझ्या बापानं दिला आसंल शब्द, मी न्हाय दिला." पावसाळा संपेपर्यंत वरच्या अडीच एकरात उभा ऊस पिवळा पडला आणि दिवाळीनंतर पुन्हा पांढरे फुटले.

त्या शेतकऱ्याने आमच्या दारात येऊन शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तो आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि काही न बोलता गेला. आबांनी दोन म्हशींतली एक विकली आणि मजुरी वगळून आमची जी काय मिळकत त्या कामात होती ती परत नेऊन दिली. चुलत्यांना ते पटले नाही. पाइप आम्ही तोडला काय, असे त्यांचे म्हणणे, आणि कायद्याने ते बरोबरच होते. पण त्यानंतर दोघांत पूर्वीसारखे राहिले नाही. पुढे जेसीबी आले. ज्याच्याकडे मशीन तो ठेकेदार झाला. तोंड बघणाऱ्यापेक्षा दर कमी सांगणाऱ्याला कामे मिळू लागली. वडिलांनी पाणसळ माळ्यावर टाकली, चुलत्यांनी ट्रॅक्टर घेतला. धंदा बंद झाला असे कुणी जाहीर केले नाही. एका उन्हाळ्यात काम आले नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही वाट पाहिली नाही.

हे सगळे आज सांगायचे कारण असे. सामुदायिक निचऱ्याची कामे आता वाढत आहेत आणि ती वाढली पाहिजेत. शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनी परत मिळवल्याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने याच जमिनींवर काम केलेले आहे. तंत्राची उणीव राहिलेली नाही. पण गट कसे बनतात ते मी बघतो. गट बनतात भावकीप्रमाणे, पार्टीप्रमाणे, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाबरोबर होते त्याप्रमाणे. पाण्याला यातले काही कळत नाही. गट हा ओढ्याप्रमाणे बनला पाहिजे. एका ओढ्याला ज्यांचे पाणी उतरते ते सगळे एका गटात, मग त्यांचे बोलणे असो वा नसो. वरच्या तीस जणांनी पाइप टाकले आणि ओढ्याच्या तोंडाशी असलेले दोघे बाहेर राहिले, तर तीस जणांचा खर्च त्या दोघांच्या मर्जीवर राहतो.

त्या दोघांचेही ऐकून घ्या, एवढे मात्र सांगेन. त्यांच्या रानातून मुख्य चर जातो, त्यांचे दोन-चार गुंठे जातात, आणि वरच्यांचे खारे पाणी त्यांच्या बांधाने वाहते. त्यांनी फुकट का सोसावे? गटाने त्यांच्या गुंठ्यांचा मोबदला आधी ठरवावा, त्यांच्या रानात पाइप गटाच्या खर्चाने टाकावा. गावकीच्या बैठकीत अशा माणसाला 'आडमुठा' म्हणून मोकळे होणे सोपे असते. मी स्वतः तसे म्हणालेलो आहे आणि त्या बैठकीतून काही निष्पन्न झाले नाही.

आता गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण कागद त्यांच्याच हातात आहे. जुना गाव नकाशा काढा. त्यावर ओढे-नाले दाखवलेले असतात. ते जमिनीवर कुठे आहेत आणि कुठे गडप झाले, हे एक दिवस चालून बघितले तर निम्मे काम होते. नैसर्गिकपणे वाहणारे पाणी कुणी बांध घालून अडवले आणि त्याने शेजाऱ्याच्या शेताचे नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. हे कलम लोकांना रस्त्याच्या भांडणासाठी ठाऊक आहे, पाण्यासाठी फारसे नाही. मात्र दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आपल्याकडे माणूस दोन वर्षे पंचांच्या मागे फिरतो आणि मुदत संपल्यावर वकिलाकडे जातो.

पण पाइपने काढलेल्या पाण्यासाठी या कलमावर विसंबू नका. दुसऱ्याच्या रानातून पाइप न्यायचा असेल तर लेखी संमती घ्या, ती नोंदवा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात तिची नोंद व्हावी म्हणून अर्ज द्या. संमती देणाऱ्याच्या मुलांच्याही सह्या घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही. आमच्या वहीतला 'तोंडी' हा शब्द मी वर सांगितलाच आहे.

ठेकेदाराच्या बाबतीत आबांची एक रीत होती, ती आज पुन्हा आणावी असे मला वाटते. ते कामाचे पैसे तीन हप्त्यांत घ्यायचे आणि शेवटचा चौथा हिस्सा पहिला पावसाळा गेल्यावर. तोंडातून पाणी आले तर पैसे, नाही तर आधी दुरुस्ती. आज काम उन्हाळ्यात होते, पाइप मातीआड जातो, मोजमाप होते आणि मृगाच्या आधी सगळे पैसे चुकते होतात. पाइप उलट्या उतारावर पडला आहे की नाही हे पाऊस पडल्यावर कळते. तोवर ठेकेदार तिसऱ्या तालुक्यात असतो. गटाने करारातच हे कलम घालावे. चांगला ठेकेदार त्याला नाही म्हणणार नाही.

पाइप टाकला म्हणजे जमीन सुधारली, असेही नाही. आधी माती तपासा. क्षारता चारच्या वर आणि सामू साडेआठच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त, तिला निचरा आणि चांगल्या पाण्याची धुवण पुरते. सामू साडेआठच्या वर गेला असेल आणि मातीत चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपुढे असेल तर ती चोपण, तिला निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. नुसते जिप्सम टाकून निचरा न करणारे पुष्कळ भेटतात. सुटलेला सोडियम जाणार कुठे? पहिली दोन वर्षे ताग-धैंचा गाडा. आणि पाणी कमी द्या. रात्रीची वीज आली की मोटार चालू करून घरी झोपायचे आणि सकाळी सरी फुटलेली बघायची, हा क्रम चालू राहिला तर पाइपसुद्धा थकतो. वाफसा येऊ द्यायचा असतो, हे आमच्या आज्यांना माहीत होते.

एक प्रश्न मात्र माझ्याकडूनही सुटलेला नाही. निचऱ्याचे पाणी पहिल्या वर्षी इतके खारे असते की आबा ते चाखून थुंकायचे आणि म्हणायचे, "काम लागू पडलं." ते पाणी ओढ्यातून नदीत जाते आणि नदीवरून खालच्या गावाचा उपसा आहे. पावसाळ्यात नदी भरलेली असताना त्याने फारसे बिघडत नाही, उन्हाळ्यात बिघडू शकते. म्हणून धुवणीचे पाणी पावसाळ्यातच सोडावे, उन्हाळ्यात तोंड बंद ठेवण्याची सोय चेंबरमध्ये करावी, असे मी सुचवतो. खर्च वाढतो म्हणून लोक नाखूश असतात. पण खालच्या गावातही शेतकरीच राहतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भागातल्या एका गावात अशीच बैठक झाली. माणसे पुष्कळ जमली, पाइपचे नमुने मांडलेले होते, दरपत्रके आली होती. मी विचारले, तोंड कुठे आहे? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितले. एक म्हातारे बाबा मागून म्हणाले, "तोंड होतं बाबा. आमच्या लहानपनी त्यात पवायचो आम्ही." दरपत्रके तिथेच ठेवून आम्ही बाबांना मोटारसायकलवर बसवले आणि ते सांगतील तिकडे निघालो. बाभळीतून, उसातून, एका गोठ्याच्या मागून जात साडेतीन तास लागले. मध्ये तीन ठिकाणी ओढा नाहीसा झालेला होता. ती तिन्ही ठिकाणे आम्ही नकाशावर लाल पेन्सिलीने खुणावली आहेत. तिथल्या खातेदारांकडे जाणे बाकी आहे. पाइपचा विषय अजून कुणी काढलेला नाही.